पावसात उपसलेलं पाणी

शेंद्र्याला आमची विहीर होती तेव्हा तिच्यावर किर्लोस्करचं पाच हॉर्सपॉवरचं ऑईल इंजिन होतं. हँडल मारून चालू करायचं. दोघं लागायचे. एकानं हँडल फिरवायचं, दुसऱ्यानं वेग आला की वरचा खटका पाडायचा. खटका पाडायचं काम माझं होतं. चुकलं की दादा नुसते बघायचे, बोलायचे नाहीत. त्या बघण्याची भीती जास्त वाटायची.

पावसाळा लागला की आसपासच्या सगळ्या विहिरींवरची इंजिनं बंद पडून राहायची. वर पोतं टाकायचं, वीट ठेवायची, की दिवाळीपर्यंत कुणी तिकडं फिरकत नसे. आमचे दादा मात्र दर आठ दिवसांनी इंजिन काढायचे. नुसतं चालू करून बंद करायचे नाहीत. पाईप जोडून विहिरीचं पाणी उपसायचे आणि ते सरळ ओढ्यात सोडून द्यायचे. वरून पाऊस, रानात चिखल, आणि हा माणूस इंजिन लावून पाणी काढतोय. येणारे-जाणारे हसायचे. एकदा चुलत्यांनी विचारलंच, "काय रे, पावसाला पाणी पाजायलास का?"

दादा म्हणाले, "नुसतं फिरवलं तर कुणाचं बी इंजिन फिरतंय. पाणी उचलतंय का ते बघायलोय."

मला तेव्हा ते डिझेलची नासाडी वाटायची. आमच्या गावाला मांगीरबाबाचं ठाणं आहे. चैत्रात यात्रा भरते, लांबलांबून लोक नवस फेडायला येतात. दादाही जायचे. पण ते म्हणायचे, "नवस अडचण आल्यावर बोलता येतो. इंजिन अडचणीच्या आधीच बघावं लागतं."

हे वाक्य मला कळायला माझं अर्धं आयुष्य गेलं. कळलं ते विहिरीवर नाही. एका दवाखान्याच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये कळलं.

एमआयडीसी आली आणि आमची जमीन गेली. विहीर बुजली. २००१ साली स्कोडाचा मोटारीचा कारखाना शेंद्र्यात सुरू झाला, त्याच्या आगंमागं लहानमोठ्या कंपन्या आल्या. त्यातल्या एका लहान कंपनीत मी युटिलिटीला लागलो. कॉम्प्रेसर, पाण्याचे पंप, जनरेटर, हे माझं काम. तिथं जनरेटरचा मोठा मान. वीज गेली आणि लाईन थांबली, की किती मिनिटं थांबली आणि त्याचे किती रुपये झाले हे संध्याकाळच्या आत कागदावर यायचं. त्यामुळे बॅटरी, फिल्टर, बेल्ट, कूलंट सगळं वेळच्या वेळी. माझा काही विशेष गुण नव्हता. मिनिटाचे पैसे मोजले जात होते, म्हणून मी जागा होतो.

मग ती कंपनी मंदीत बसली आणि मी शहरातल्या एका दवाखान्यात लागलो. १२५ केव्हीएचा एक सेट, दोन बॅटऱ्या, एक एएमएफ पॅनल. हे पॅनल म्हणजे वीज गेली की आपोआप जनरेटरला सेल्फ मारतं आणि दवाखान्याचा भार त्याच्यावर टाकतं. पहिल्या वेळी नाही लागला तर थोडं थांबून पुन्हा, असा तीनदा प्रयत्न करतं. तरी नाही लागला तर भोंगा वाजवून सोडून देतं. सिस्टर लोक मला मामा म्हणायचे. दवाखान्यात साफसफाई करणारी बाई ती मावशी, आणि आमच्यासारखा तो मामा. नावानं हाक मारत नाहीत.

सुरुवातीला भारनियमनाचे दिवस होते. गावाकडं तर अर्धा अर्धा दिवस लाईट नसायची, शहरातही रोज ठरलेल्या वेळी जायची. जनरेटर रोज चालायचा, रोज भार उचलायचा. डिझेल टाकीत पडून राहत नसे, बॅटरी चार्ज होत राहायची. काही बिघडलं तर त्याच दिवशी कळायचं. त्या काळात सगळे विजेच्या नावानं शिव्या द्यायचे. पण आता मागं वळून बघितलं तर वाटतं, आमचा जनरेटर तेव्हा सगळ्यात तब्येतीत होता. पुढं वीज सुधारली. महिना महिना जाईना. सगळे खूश झाले, आणि जनरेटर पोतं टाकलेल्या इंजिनासारखा झाला.

दवाखान्याचा नियम होता: दर शुक्रवारी ३० मिनिटं चालवायचा आणि रजिस्टरला लिहायचं. तारीख, वेळ, ऑईल, पाणी, बॅटरी, शेरा, सही. सुरुवातीला मी तसंच केलं. मग हिशेबाच्या साहेबांनी एकदा विचारलं, "लाईट तर गेली नाही, मग डिझेल कुठं गेलं?" त्यांनी चोर म्हटलं नाही, पण त्यांच्या नजरेत ते होतं. मी तीस मिनिटांची पंधरा केली. मग पाच. भारावर तर टाकायचाच नाही, कारण भारावर टाकायचा म्हणजे दवाखान्याची लाईट क्षणभर जाणार, सिस्टर ओरडणार, डॉक्टर ओरडणार. म्हणून शेडमध्ये नुसता चालवायचा, आवाज ऐकायचा, बंद करायचा. रजिस्टरला मात्र '३० मिनिटे, ओके' लिहायचं. कधी शुक्रवार चुकला तर सोमवारी मागच्या तारखेनं लिहायचं, त्याच पेनानं. तपासणीला माणसं यायची, रजिस्टर चाळायची, छान ठेवलंय म्हणायची.

मी खोटं लिहितोय असं मला वाटतच नव्हतं. इंजिन चालू होत होतं. 'ओके' हे खरंच होतं. फक्त ते कशाबद्दल ओके आहे, हे मी स्वतःला विचारत नव्हतो.

ती ऑक्टोबरची रात्र. परतीचा पाऊस, विजा कडकडत होत्या. साडेनऊच्या सुमारास लाईट गेली. पॅनलनं सेल्फ मारला, पहिल्या झटक्याला इंजिन लागलं. मी शेडच्या दाराशी होतो, मला बरं वाटलं. मग भार पडला. आवाज जड झाला, खाली गेला, दिवे पिवळे झाले, आणि इंजिन गचकन बंद पडलं. पुन्हा सेल्फ. पुन्हा लागलं. पुन्हा भार घेतला की मेलं.

कारण मला लगेच कळलं आणि तिथंच घाम फुटला. डिझेल वर्षभर टाकीत पडून होतं. दमटपणानं त्यात पाणी धरतं, ते तळाला बसतं, त्याच्या कडेनं काळा चिकट गाळ तयार होतो, तो फिल्टरमध्ये येऊन बसतो. इंजिन रिकामं फिरायला थेंबभर डिझेल पुरतं, तेवढं त्या चोंदलेल्या फिल्टरमधून येत होतं. भार उचलायला जास्त लागतं, तेवढं येत नव्हतं. माझ्या पाच मिनिटांच्या शुक्रवारी ते कधीच कळलं नसतं. शंभर शुक्रवार चालवून कळलं नसतं.

नवा फिल्टर कपाटात होता, हे नशीब. बॅटरी दातात धरून जुना काढला, नवा बसवला. पण फिल्टर बदलला की लाईनमध्ये हवा धरते; ती हातपंप मारून, नट ढिला करून बुडबुडे संपेपर्यंत काढावी लागते. दिवसा दहा मिनिटांचं काम. त्या रात्री वीस-बावीस मिनिटं लागली.

त्या वीस-बावीस मिनिटांत वर काय झालं ते मला नंतर कळलं. अतिदक्षतेत कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झालेला एक तरुण शेतकरी व्हेंटिलेटरवर होता. व्हेंटिलेटरला स्वतःची बॅटरी असते, पण ती जुनी झालेली. काही मिनिटांत तिनं मान टाकली. मग एका सिस्टरनं अँबू बॅग घेतली. अँबू बॅग म्हणजे हातानं दाबून श्वास द्यायचा रबरी फुगा. एक दमली की दुसरी. खाली बाळांच्या खोलीत वॉर्मर बंद पडला, तर मावशींनी बाळ उचलून आईच्या छातीशी उघड्या अंगाला लावून वर गोधडी टाकली. लिफ्टमध्ये एक म्हातारा अडकला होता, त्याला दोघांनी ओढून काढलं.

कुणी गेलं नाही. सगळे वाचले.

आणि कुणी मेलं नाही म्हणून कुणी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सिस्टरांना शाबासकी दिली, मलाही दिली. रजिस्टर उघडून बघायची वेळच आली नाही. बघितलं असतं तरी त्यात गेल्या शुक्रवारी ३० मिनिटे ओके असंच होतं.

आठ दिवसांनी तो शेतकरी घरी निघाला. त्याच्या भावानं पेढे आणले होते, सगळ्या वॉर्डात वाटले. वाटत वाटत तो मागं माझ्या शेडपर्यंत आला. म्हणाला, "मामा, तुमी त्या रातीला लाईट आणली म्हणून आमचा माणूस हाय." माझ्या हातावर पेढा ठेवला आणि वाकून पाया पडला. मी त्याला अडवलं नाही. पेढा मी खाल्ला.

त्या पेढ्याचा विचार मी पुष्कळ वर्षं केला. समजा, सिस्टरचा हात दमला असता. समजा, फिल्टर कपाटात नसता. तो माणूस गेला असता, आणि त्याच भावानं माझी गचांडी धरली असती, आणि ती बरोबर ठरली असती. पण दोन्ही वेळी मी केलेलं एकच होतं. माझे शुक्रवार तेच होते. एका बाजूला पेढा आणि दुसऱ्या बाजूला पोलीस, आणि मधला सगळा फरक माझ्या हातातला नव्हता. एका सिस्टरच्या मनगटातला होता.

आपण माणसाला शेवटाला काय झालं त्यावरून मोजतो. कोर्टाचं तसं असेल, लोकांचंही तसं असतं. पण ज्याचं त्याला आतून माहीत असतं. माझा गुन्हा त्या रात्री झालाच नाही. त्या रात्री तर मी जीव तोडून काम केलं. गुन्हा शुक्रवारी झाला, दुपारी, ऊन असताना, चहा पिता पिता, कुणाचंही काही बिघडत नसताना. आणि म्हणूनच तो गुन्हा वाटला नाही.

२०२४ च्या एप्रिल महिन्याच्या अखेरीस मुंबईत भांडुपला महापालिकेच्या प्रसूतिगृहात वीज गेली, मोबाईलच्या उजेडात सिझेरियन झालं, आणि बाळ-बाळंतीण दोघंही गेली. जनरेटर चालूच झाला नाही, असं घरच्यांचं म्हणणं होतं. चौकशी लागली. पेपरात ते वाचलं तेव्हा सगळे डॉक्टरांबद्दल बोलत होते. मी मात्र एका शेडचा आणि एका रजिस्टरचा विचार करत होतो. तिथं काय घडलं ते मला ठाऊक नाही, कुणाला दोष द्यायचा मला अधिकारही नाही. मला एवढंच वाटलं, की त्यांच्या आणि माझ्या रात्रीत नुसतं नशिबाचं अंतर असू शकतं.

त्या ऑक्टोबरनंतर मी ठरवलं, की महिन्यातून एकदा खरी चाचणी करायची. म्हणजे मेन स्विच स्वतःच्या हातानं पाडायचा, दवाखाना अंधारात टाकायचा, आणि पॅनल सेल्फ मारतं का, इंजिन भार उचलतं का, किती सेकंदांत उचलतं, अर्धा तास धरून ठेवतं का, हे बघायचं. अमेरिकेत यासाठी नियमच आहे: दवाखान्याच्या जनरेटरनं १० सेकंदांत भार घेतला पाहिजे, आणि महिन्यातून एकदा निदान ३० मिनिटं, त्याच्या ताकदीच्या निदान ३० टक्के भारावर तो चालवला पाहिजे. भार कमी असला तर डिझेल पुरतं जळत नाही, सायलेन्सरमधून काळं चिकट गळायला लागतं. म्हणजे रिकामा चालवणं हे नुसतं निरुपयोगी नाही, ते इंजिनाला वाईटही आहे.

मी मोठ्या डॉक्टरांकडं गेलो. ते सज्जन माणूस. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मामा, आज माझ्याकडं व्हेंटिलेटरवर दोन पेशंट आहेत. लाईट चांगली चालू आहे. ती मी मुद्दाम बंद करू? आणि तुमचा जनरेटर नाही लागला तर? कधीतरी येणाऱ्या, ज्याचं नावसुद्धा मला माहीत नाही अशा पेशंटसाठी मी आज समोर झोपलेल्याचा जीव टांगणीला लावू?"

मला उत्तर सुचलं नाही. ते पुढं म्हणाले, "चेर्नोबिल ऐकलंय ना? ती पण चाचणीच होती."

हे मला माहीत नव्हतं. नंतर मी शोधून वाचलं. १९८६ च्या २६ एप्रिलला तेव्हाच्या सोव्हिएत संघात, युक्रेनमध्ये, ती अणुभट्टी फुटली, तेव्हा तिथं खरोखरच एक चाचणी चालली होती, आणि तीही आमच्याच विषयाची. वीज गेल्यावर तिथल्या डिझेल जनरेटरांना पूर्ण ताकदीवर यायला मिनिटभर लागायचा. तेवढा वेळ, थांबत चाललेल्या टर्बाइनच्या उरल्यासुरल्या वेगावर पाण्याचे पंप चालतात का, हे त्यांना बघायचं होतं. सुरक्षेसाठीच केलेली चाचणी. पण ती दिवसा व्हायची होती. शहराला वीज पाहिजे म्हणून दहा तास पुढं गेली आणि जिची तयारी नव्हती त्या रात्रपाळीच्या गळ्यात पडली. सुरक्षेच्या काही यंत्रणा बंद करून ठेवलेल्या होत्या. भट्टीच्या रचनेतच दोष होता आणि तो चालवणाऱ्यांना नीट सांगितलेला नव्हता.

म्हणजे डॉक्टरांचं बरोबर होतं. चाचणी म्हणजे पुण्याचंच काम, असं नाही. तपासायच्या नादात माणूस मारूही शकतो. बघितलं नाही तर उद्याचा मरेल, बघितलं तर कदाचित आजचा. आणि आजच्याला तोंड आहे, नाव आहे, बाहेर बाकड्यावर बसलेली बायको आहे. उद्याच्याला काहीच नाही. म्हणून सगळे आजच्याच्या बाजूनं उभे राहतात, आणि ते वाईट माणसं असतात म्हणून नाही.

महिनाभर मी हे डोक्यात घोळवत राहिलो. मग एक गोष्ट लक्षात आली. अंधार होणार की नाही, हे आमच्या हातात नव्हतंच. तो होणारच होता. पाऊस येणार, तारा तुटणार, ट्रान्सफॉर्मर उडणार. आमच्या हातात एवढंच होतं, की तो पहिला अंधार कधी यावा: रात्री साडेनऊला, विजा कडकडत असताना, दोन सिस्टर ड्युटीवर असताना, की रविवारी सकाळी अकराला, सगळे उभे असताना, हातात अँबू बॅग घेऊन. मी आजच्या पेशंटला नवा धोका देत नव्हतो. जो धोका त्याच्या उशाखाली आधीच ठेवलेला होता, तो उजेडात बाहेर काढत होतो. त्या रात्रीचा तो शेतकरीही कधीतरी 'आजचा'च होता, फक्त आम्ही त्याला विचारलं नव्हतं.

आणि चेर्नोबिलमधून चाचणी करू नका, हा धडा निघत नाही. ती कशी करू नये, हा निघतो. रात्री नको. घाईत नको. तयारी नसलेल्या माणसाच्या गळ्यात नको. एक यंत्रणा तपासायची म्हणून दुसरी बंद ठेवायला नको. आणि ठरलेलं काही चुकलं तर मागं फिरायची लाज नको.

हे मी डॉक्टरांना माझ्या भाषेत सांगितलं. ते म्हणाले, "मग कागदावर लिहून आणा." मी लिहून नेलं. रविवार, सकाळी अकरा. ऑपरेशन नाही, बाळंतपण चालू नाही, याची खात्री. प्रत्येक व्हेंटिलेटरच्या बॅटरीची आधी तपासणी. प्रत्येक व्हेंटिलेटरशेजारी एक माणूस अँबू बॅग घेऊन. लिफ्ट खाली आणून दार उघडं. एक माणूस मेन स्विचवर, काही चुकलं तर तीस सेकंदांत परत लाईट द्यायला. आणि मी जनरेटरपाशी. त्यांनी सही केली.

पहिल्याच रविवारी जनरेटर लागला, पण अतिदक्षतेची लाईट आली नाही. तिथली एक केबल कुणीतरी केव्हातरी दुरुस्तीत जनरेटरच्या लाईनवरून काढून साध्या लाईनवर टाकली होती. तीस सेकंदांत मेन परत दिली. म्हणजे त्या ऑक्टोबरच्या आधी इंजिन ठणठणीत असतं तरी काही उपयोग नव्हता, असं कदाचित असेल. केबल आधी बदलली की नंतर, ते कुणाला सांगता आलं नाही. इंजिन तपासणं आणि उजेड तपासणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१२ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कला सँडी वादळ आलं, तेव्हा एनवाययू लँगोन या मोठ्या दवाखान्यात गच्चीवर जनरेटर होते, पुराच्या पाण्यापासून सुरक्षित. पण त्यांना डिझेल पुरवणारी व्यवस्था तळघरात होती, आणि तळघरात पाणी शिरलं. तीनशेहून जास्त रुग्ण रात्रीतून बाहेर काढावे लागले, त्यात अतिदक्षतेतली २० तान्ही बाळं होती. सिस्टर त्यांना छातीशी धरून, हातानं श्वास देत जिन्यानं उतरल्या. तिथं पैसा कमी नव्हता, हुशारी कमी नव्हती. साखळीतली एक कडी कुणाच्या नजरेच्या खाली राहिली, एवढंच.

दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी वेगळाच प्रकार झाला. सगळं सुरळीत चाललं, नऊ सेकंदांत लाईट आली. पण एका म्हातारीचा मुलगा धावत खाली आला. त्याला कुणीतरी सांगितलं होतं, की लाईट गेली नाही, घालवली. "मुद्दाम बंद केली? माझी माय वर मशीनवर हाय!" मी म्हणालो, "हो, मुद्दाम केली. मी इथं उभा असताना केली." तो म्हणाला, "मग मला कामून नाही सांगितलं?"

हा प्रश्न मला डॉक्टरांच्या प्रश्नाहून जड गेला. धोका त्याच्या आईचा, आणि ठरवणारे आम्ही. आमचं गणित बरोबर असेल, पण गणितात तिची परवानगी नव्हती. पुढच्या वेळेपासून आम्ही शनिवारी वॉर्डात फिरून प्रत्येकाच्या माणसाला सांगायला लागलो: उद्या अकराला लाईट घालवणार, का घालवणार, किती वेळ, आणि तुमच्या पेशंटजवळ कोण उभं असेल. मॅडम म्हणाल्या होत्या, लोक घाबरतील. घाबरले थोडे. पण पुष्कळांनी उलट विचारलं, "म्हणजे याच्या आधी कधी बघितलंच नव्हतं का?" त्यावर आम्ही खरं उत्तर दिलं. एकानं सांगितलं, माझ्या बापाला अजून दोन दिवस नको. आम्ही तो रविवार सोडला, पुढचा धरला. दोन दिवस थांबल्यानं चाचणी बिघडत नाही. न सांगता केल्यानं बिघडते.

रजिस्टरातला शेरा पण मी बदलला. 'ओके' लिहिणं बंद केलं. जे झालं ते लिहायचं: किती सेकंदांत भार घेतला, काय बंद राहिलं, कोण कुठं उभं होतं. पहिली काही पानं नुसत्या चुकांनी भरली. तपासणीचे साहेब म्हणाले, "मामा, पूर्वी रजिस्टर छान असायचं." मी काही बोललो नाही. आधीच्या पानांबद्दल मोठ्या डॉक्टरांना मात्र एक दिवस सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "डिझेलबद्दल तुम्हाला विचारलं गेलं, आणि जनरेटरबद्दल कुणीच विचारलं नाही. यात मी पण आलो." त्यांनी मला माफ केलं असं मी म्हणणार नाही. त्यांनी अर्धं ओझं उचललं.

पुढं मी निवृत्त झालो आणि शेंद्र्याला परत आलो. आता इथं सगळं ओळखू न येण्यासारखं झालंय. ऑरिकचे रुंद रस्ते, रात्रभर जळणारे दिवे. आमची विहीर नेमकी कुठल्या भिंतीखाली गेली ते दाखवता येत नाही.

मागच्या पावसाळ्यात बायकोला न्यूमोनिया झाला आणि तिला त्याच दवाखान्यात ठेवलं. तोंडावर मास्क, बायपॅप मशीन. शनिवारी संध्याकाळी माझ्या जागेवर आलेला पोरगा वॉर्डात फिरत फिरत आमच्या खाटेपाशी आला. मला बघून थबकला. म्हणाला, "मामा, उद्या अकराला आहे. करू ना?"

एवढं सगळं मीच उभं केलेलं. नियम माझे, कागद माझा. आणि माझ्या तोंडावर शब्द आला तो "पुढच्या रविवारी बघ की" असा. तिचा श्वास वर-खाली होत होता, मशीनचा हिरवा दिवा लुकलुकत होता, आणि उद्याचा कुठला तरी बिननावाचा पेशंट मला त्या क्षणी कुणीच लागत नव्हता. डॉक्टर तेव्हा कुठं उभे होते, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं.

मी काही बोलायच्या आत हिनंच मास्क जरा बाजूला केला. म्हणाली, "त्यांना काय इचारतू? मला इचार की."

पोरगा ओशाळला. म्हणाला, "मामी, चालंल का?"

ती माझ्याकडं बघून म्हणाली, "कर. उद्या अकराला हे हितं बसलेले हाईत. रातच्याला घरी असत्यात."

रविवारी अकराला लाईट गेली. सिस्टर अँबू बॅग घेऊन खाटेशेजारी उभी होती. मी हिचा हात धरला आणि मोजायला लागलो. खालून सेल्फचा आवाज आला, इंजिन लागलं, मग आवाज जड झाला. इथंच ते मेलं होतं त्या रात्री. मी मोजत राहिलो. आवाज जडच राहिला, पण खाली गेला नाही. आठाला दिवे आले.

बाहेर पाऊस चालू होता.